प्लायवूडला सोडलेली माया

(गॅरेजच्या मागच्या भिंतीवर प्लायवूडची दोन नवी कपाटं टांगलेली आहेत. तिसरं कपाट जावयाच्या डोक्यावर आहे. त्याची बायको स्टुलावर उभी राहून एक बाजू धरते आहे, आणि तिची आई लांब झाडूच्या दांड्याने खालून टेकू देते आहे.)

लेक : अजून सरकव.

जावई : सरकवतोय. पुढे भिंत आहे.

लेक : भिंत असणारच. भिंतीलाच लावायचंय ना?

जावई : मागची नव्हे गं, बाजूची. उजवीकडे भिंतीला टेकलंय आणि डावीकडे दुसऱ्या कपाटावर चढलंय. बसत नाही हे.

लेक : सकाळपासून बसेल बसेल म्हणतोयस.

जावई : बसायलाच हवं. गणित बरोबर आहे.

आई : मी दांडा सोडला तर चालेल का? हात भरून आलाय.

जावई : नको आई, म्हणजे असं आहे, तुम्ही सोडलात तर सगळं माझ्या मानेवर येईल.

लेक : आणि आत्ता कुठे आहे?

जावई : आत्ताही मानेवरच आहे. पण आईंच्या दांड्यामुळे धीर आहे.

आई : उतरवा बघू आधी. धीर खाली ठेवूनही विचार करता येतो.

लेक : थांब, मी उतरते. हं, आता तू गुडघ्यात वाक. गुडघ्यात म्हटलं, कमरेत नाही. तुझा तो व्हिडिओतला टोपीवाला काय सांगतो? वजन उचलताना कमर सरळ.

जावई : टोपीवाला एकटा चार कपाटं लावतो. हसत हसत लावतो.

लेक : त्याचा व्हिडिओ कापून जोडलेला असतो. मधला रडायचा भाग ते दाखवत नाहीत.

जावई : ठेवलं. आई, टेप द्या जरा.

आई : हा कापडाचा की तुमचा पत्र्याचा?

जावई : पत्र्याचा. कापडाचा ताणला जातो.

आई : माझा नाही ताणला जात. पण घ्या.

जावई : भिंत नऊ फूट. बरोबर, नऊ फूटच आहे. कपाटं तीन. प्रत्येक तीन फूट. शाळेतलं मूल सांगेल.

लेक : आणि मधे जरासुद्धा जागा ठेवली नव्हतीस?

जावई : नेमकं बसवायचं होतं मला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मधे बोट जाणार नाही असं.

आई : नेमकं शिवलेलं पहिल्याच धुण्यात आटतं.

जावई : आई, प्लायवूड धुवायचं नाहीये. आता हे बघा. तीन फूट... एक इंच. एक इंच जास्त! दुसरं बघू. तीन फूट एक इंच. पहिलं... तेही तेच. तिन्ही कपाटं इंचाने मोठी आहेत.

लेक : मग जोडताना तुला कळलं नाही?

जावई : कसं कळणार? सगळे तुकडे एकमेकांत बरोबर बसत होते. फळ्या बसल्या, पाठ बसली, दारं बसली. मी तर त्या दुकानदाराची मनात वाहवा करत होतो, की काय कापून दिलंय. आणि माणसाने सरसकट प्रत्येक तुकडा इंचाने मोठा कापलाय. फोन दे माझा.

लेक : कशाला?

जावई : बोलतो त्याच्याशी. मापं स्पष्ट सांगितली होती.

आई : त्यांना नका बोलू.

जावई : का नको? आई, तुम्हीच तर सांगितलीत ना मापं? मी त्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलो होतो. तुम्हाला म्हटलं, भिंतीवर पेन्सिलने सगळं लिहून ठेवलंय, तेवढं त्याला फोनवर वाचून दाखवा. तुम्ही दाखवलंत ना?

आई : दाखवलं की. एकेक सावकाश सांगितलं. त्यांनी परत म्हणूनही दाखवलं.

जावई : मग झालं तर. चूक त्याची.

आई : वाचून दाखवलं, आणि प्रत्येकाला माया धरली.

जावई : काय धरली?

आई : माया.

जावई : कुणाची?

लेक : अरे देवा. आई, तू खरंच?

आई : हात आपोआप धरतो गं. तीन फूट म्हटलं की तोंडातून तीन फूट एक इंच येतं. या कडेला अर्धा, त्या कडेला अर्धा.

जावई : मला कुणी सांगेल का, कशाबद्दल चाललंय?

लेक : शिवणकामातली माया रे. कापड बेतताना मापापेक्षा थोडं जास्त ठेवतात, शिलाईत आत दुमडायला. पुढे कधी अंगाला घट्ट झालं तर उसवून सोडता येतं. आईचा जन्म गेला फ्रॉक आणि शर्ट बेतण्यात.

जावई : प्लायवूडला माया सोडली?

आई : उंचीलाही सोडली. खोलीलाही.

जावई : म्हणून सगळे तुकडे एकमेकांत बसले.

आई : सगळ्यांना सारखी सोडली ना. एकाला जास्त, एकाला कमी असं केलं की झोल येतो.

लेक : हसू नकोस म्हणत होते मी स्वतःला. नाही जमत.

जावई : तू हसू नकोस. आई, मी रागावलेलो नाही. म्हणजे असं आहे, मला फक्त समजून घ्यायचंय. कापड अंगाला लागतं, अंग वाढतं, म्हणून माया. हे पटलं. पण भिंत वाढते का?

आई : भिंत नाही वाढत. सामान वाढतं.

लेक : तरीच तो दुकानदार परवा मला विचारत होता, त्या आजी कुठल्या कारखान्यात होत्या का. म्हणाला, मापं सांगताना प्रत्येकाच्या शेवटी 'आणि वर एक' असं म्हणायच्या. त्याला वाटलं, असा काहीतरी आपल्या घरचा हिशेब असेल.

जावई : आणि त्याने विचारलंही नाही.

लेक : त्याने विचारलं होतं. आईने त्याला सांगितलं, कमी पडण्यापेक्षा बरं.

आई : हे म्हटलं होतं मी.

जावई : ठीक आहे. झालं ते झालं. उपाय बघू. टोपीवाला म्हणतो, चूक ही लाकडात असते, मनात ठेवू नये.

लेक : टोपीवाला असं म्हणतो?

जावई : साधारण असं. परक्या भाषेत म्हणतो.

आई : तुमच्या त्या काळ्या कोटाची आठवण आहे का, जावईबापू? लग्नात मी शिवला तो?

जावई : आहे की. अजून वापरतो.

आई : अजून वापरता, कारण त्याच्या दोन्ही कुशींना आत भरपूर माया होती. एकदा मूल झाल्यावर सोडली, एकदा तुम्हाला बढती मिळाल्यावर सोडली. नेमका शिवला असता तर मागेच कुणाला तरी देऊन टाकावा लागला असता.

लेक : बढती मिळाल्यावर किती सोडली होती ते सांग ना त्याला.

आई : नको. जेवणावरून बोलू नये माणसाला.

जावई : कोटाचं राहू दे. हे बघा, दोन मार्ग आहेत. एक, पहिली दोन कपाटं उतरवायची आणि सगळी थोडी थोडी कापायची. ते माझ्याच्याने होणार नाही. दुसरा, हे एकच कापायचं. तिन्ही कपाटांची मिळून तीन इंच वाढ आहे, ती एकट्या या कपाटातून काढायची. एक बाजू सोडवायची, फळ्या छाटायच्या, पाठ छाटायची, दार छाटायचं, बाजू परत लावायची.

लेक : सोपं वाटतंय. म्हणजे अवघड असणार.

जावई : करवत आहे, पेन्सिल आहे. ही बघ, रेघ मारली.

लेक : वाकडी आहे.

जावई : सरळ आहे. तू वाकडी उभी आहेस.

आई : कापा तुम्ही. बिनधास्त कापा. मी फळी धरून ठेवते. दुपारच्या आत लागलं पाहिजे सगळं.

लेक : दुपारच्या आत? तुला कसली घाई?

आई : घाई कसली. म्हटलं, गाडी आत येऊ दे एकदाची. किती दिवस बाहेर झाडाखाली उभी आहे, पाखरं काय काय करून ठेवतात तिच्यावर. जावईबापू रोज सकाळी पुसताना तोंडातल्या तोंडात बोलत असतात.

जावई : तुम्हाला ऐकू येतं ते?

आई : त्या वेळी मी हात जोडून बसलेली असते. ऐकू येतं, पण मी मनावर घेत नाही.

लेक : आई, विषय बदलू नकोस. दुपारी काय आहे?

आई : काही नाही गं. बाजारातल्या त्या बाई येणार आहेत. कपडे दुरुस्त करून देतात बघ, कोपऱ्यावरच्या दुकानात. त्या.

लेक : कशाला?

आई : मशीन न्यायला.

लेक : कुठलं मशीन?

आई : माझंच. दुसरं कुठलं आहे घरात?

जावई : शिलाई मशीन?

आई : त्यांची एक मुलगी आहे हाताखाली, शिकाऊ. तिला लागेल. पैसेबिसे नको म्हटलं मी, फक्त तेल वेळेवर घाला. टेम्पो घेऊन येणार आहेत. म्हणून म्हटलं, कपाट लागलेलं असलं की दारातून टेम्पोपर्यंत वाट मोकळी राहील.

लेक : तू मला विचारलं नाहीस.

आई : तू कामावर होतीस.

लेक : आई, मी रोज घरी येते. रोज रात्री तुझ्यासमोर बसून जेवते.

आई : जेवताना कुठे असलं काढायचं. आणि त्यात विचारण्यासारखं काय आहे? माझं तिकडचं घर मी बंद केलं, तेव्हाच ते द्यायला हवं होतं. इथे आणलं, गॅरेजच्या या खिडकीखाली चादर टाकून ठेवलं. एकदाही उघडलं नाही. नुसतं पायात येतं.

लेक : तूच म्हणालीस डोळे दमतात म्हणून शिवत नाही.

आई : दमतात. आत दिव्याखाली दमतात.

जावई : आई, एक विचारू? पायात येतं, असं तुम्हाला कुणी म्हणालं का?

आई : नाही हो. कोण म्हणणार.

जावई : मी म्हणालो का?

आई : तुम्ही कुणाला तरी फोनवर सांगत होतात. त्या अडगळीचं एकदा काय ते झालं, की गाडी आत घेतो, असं. माझ्या कानावर आलं. बरोबरच आहे, गाडीचीच जागा आहे ही.

लेक : शाब्बास.

जावई : मी... म्हणजे असं आहे, अडगळ म्हणजे ती माझी व्यायामाची सायकल. रंगाचे डबे. जुना कूलर. मोडका पंखा.

लेक : आणि?

जावई : आणि... सगळंच म्हणालो असेन. मशीन वेगळं काढून नाही म्हणालो. पण मशीन सोडूनही नाही म्हणालो. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं ते.

आई : नसतंच असं डोक्यात. त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

लेक : मग तुझ्या त्या नेमक्या गणितात मशीन कुठे जाणार होतं?

जावई : तिसऱ्या कपाटात. वरचा भाग सोडवून कपाटाच्या खालच्या खणात, आणि पाय आणि फळी छताला आकडे लावून...

लेक : छताला?

जावई : टोपीवाला सायकल लावतो छताला.

आई : बघा, मग देणंच बरं नाही का. मशीन एकदा कपाटात चढलं की कोण खाली काढतं. त्यापेक्षा ती मुलगी रोज चालवेल. मला काही रडू येत नाहीये, तू तशी बघू नकोस माझ्याकडे.

लेक : मी नाही बघत. मी खिडकीकडे बघतेय. अरे, हे तिसरं कपाट लागलं असतं तर ही खिडकी झाकली गेली असती ना?

जावई : वरच्या पट्टीला टांगून तिच्यावर येणार होतं. नाहीतरी या खिडकीतून धूळच येते.

लेक : उजेडही येतो.

जावई : उजेड येतो, मान्य आहे. सकाळी चांगला येतो.

आई : दुपारपर्यंत टिकतो. सुई ओवता येईल इतका असतो. म्हणजे मी ओवली नाही, नुसतं बघितलंय उभं राहून.

लेक : तू इथे येऊन उभी राहतेस?

आई : दळण ठेवायला येते कधी कधी. वाटेत आहे.

लेक : दळणाचा डबा स्वयंपाकघरात असतो, आई.

आई : मग झाडायला येत असेन. तुझं आपलं काहीतरीच.

जावई : तो कापडाचा टेप द्या.

आई : पत्र्याचा तुमच्या खिशात आहे की.

जावई : तुमचाच द्या. ताणला जात नाही म्हणालात ना. हं. दोन कपाटं लागली आहेत. उरलेली भिंत... दोन फूट दहा इंच. तुम्ही ते तिकडचं टोक धरा. आता मशीनची फळी. चादर काढू का?

आई : काढा. हळू, तिथे सुया टोचलेली उशी आहे.

जावई : आई गं.

आई : म्हटलं ना मी, हळू.

लेक : बढती मिळाल्यापासून बोटंही जाड झाली आहेत तुझी.

जावई : फळी दोन फूट नऊ इंच. इंचभर मोकळं राहतं.

लेक : इकडे अर्धा, तिकडे अर्धा.

आई : हे काही मी मुद्दाम केलेलं नाही.

लेक : कोण म्हणतंय?

आई : तुझा चेहरा म्हणतोय. देवाशपथ, मला प्लायवूडमधलं काही कळत नाही. मी आपलं सवयीने बोलले. रोज सकाळी एवढंच मागते मी, की कुणाच्या वाटेत येऊ नये. आणि नेमकं भिंत अडवून बसल्यासारखं झालं माझं.

जावई : आई, बसा तुम्ही. स्टुलावर बसा. मला जरा मोठ्याने विचार करू दे. मशीन खिडकीखाली जिथे आहे तिथेच राहतं. हे तिसरं कपाट वर लावायचंच नाही. जमिनीवर उभं करायचं, मशीनच्या शेजारी, दोन कपाटांच्या खाली. त्यात तुमचे दोरे, बटणं, कापडाचे तुकडे, कात्र्या. कापायची गरजच नाही. रेघ खोडून टाकतो.

लेक : वाकडी होतीच ती.

आई : आणि गाडी?

जावई : तेच मोजतोय.

लेक : गाडीची लांबी त्याला पाठ आहे. मुलाचा वाढदिवस नसतो लक्षात.

जावई : गाडी आत येते. पुढचं नाक मशीनच्या खुर्चीपर्यंत येईल. शटर खाली येईल. पण बाजूला सायकल आणि कूलर राहिले, तर दार अर्धंच उघडेल.

लेक : मग सायकल दे ना त्या बाईंना. टेम्पो येतोच आहे.

जावई : सायकल मी वापरतो.

लेक : त्यावर टॉवेल वाळत घालतोस.

जावई : तोही एक वापर आहे.

आई : नको, माझ्यासाठी त्यांची वस्तू कशाला बाहेर काढायची. दार अर्धं उघडलं की माणूस आडवा होऊन निघतो. आणि त्या गाडीचे कान दुमडतात ना आत?

जावई : कान?

आई : ते बाहेरचे आरसे. दुमडताना बघितलंय मी तुम्हाला.

जावई : दुमडतात.

आई : मग ठेवली की तिला माया बनवणाऱ्यांनी.

लेक : बघ. गाडीलाही असते. फक्त तुझ्या गणितालाच नव्हती.

जावई : ठीक आहे. सायकल जाते. कूलरही जातो. सकाळी आई शिवत असतील तेव्हा गाडी बाहेर काढून ठेवीन, नाहीतर त्यांना पेट्रोलचा वास यायचा. संध्याकाळी आत.

लेक : म्हणजे पाखरं आहेतच.

जावई : अर्धा दिवस आहेत. अर्धी पाखरं.

आई : तुम्ही दोघं उगाच ओढाताण करून घेताय. मी त्या बाईंना शब्द दिलाय.

लेक : शब्द परत घेता येतो.

आई : काय सांगू त्यांना? कपाट आडवं आलं म्हणून सांगू? मी खोटं नाही बोलणार. त्या मुलीने सुया आणून ठेवल्या असतील.

लेक : मी सांगते त्यांना. मुलीला इथे पाठवा म्हणते सकाळची, तू शिकव.

आई : ते बघू पुढचं पुढे. पण मशीन का नाही देत, हे विचारलं तर काही खरं कारण हवं. शिवणार कोणाचं? तुझी मुलं तयार कपडे घालतात. तू घालतेस. माझ्याकडे आता काम कुठे आहे?

जावई : आहे.

आई : कुठलं?

जावई : तो काळा कोट.

लेक : परत?

जावई : मागच्या महिन्यात एका लग्नाला घातला होता. जेवेपर्यंत बटण लावलं नाही, जेवल्यावर तर प्रश्नच नव्हता. मी कुणाला बोललो नाही.

लेक : मला वाटलं, तुला उकडत होतं.

जावई : तेच सांगत होतो सगळ्यांना. आई, होईल का काही?

आई : त्याची माया संपली, जावईबापू. दोनदा सोडलीय. आता कडेला दोऱ्याएवढं कापड उरलं असेल.

जावई : मग राहू दे.

आई : राहू दे कशाला. मागे पाठीच्या मधोमध एक शिवण असते. तिथे कुणी सहसा माया ठेवत नाही.

जावई : तुम्ही ठेवली होती?

आई : आता आठवत नाही. आणा तर खरं, खिडकीशी धरून बघते.